दारासमोरची भिंत

माझ्या धंद्याला मराठीत धड नाव नाही. जळगावचे दलाल फोन करतात तेव्हा म्हणतात, "ताई, एक घर आहे, जरा उठावदार करून द्या." धुळ्याचे अनिलभाऊ म्हणतात, "नवरीसारखं करून द्या." मला ते आवडत नाही. नवरी दाखवताना जी लपवालपवी चालते, ती मी कधी केली नाही. विकायला काढलेलं घर पाहायला येणाऱ्या माणसासाठी तयार करून देणं, हे माझं काम. आता गुडघे कुरकुरतात म्हणून कामं कमी घेते, पण जळगाव आणि धुळ्यात अशी बरीच घरं आहेत, ज्यांच्या दारात आज दुसऱ्याच नावाची पाटी आहे आणि ती लागण्यात माझा हात आहे.

सुरुवात रंगापासून झाली. माझे यजमान रंगकामाची कंत्राटं घ्यायचे. रंग निवडायला घरातल्या बायका मला सोबत बोलवायच्या. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की विकायच्या घराला मालक रंग मारतो स्वतःच्या आवडीचा, आणि वर खोलीतलं सामान तसंच ठेवतो. पाहायला आलेल्या माणसाला मग घर दिसतच नाही. मालकाचा संसार तेवढा दिसतो.

म्हणून घराची किल्ली हातात आली की मी आधी बाहेर काढायला लागते. माळ्यावरचे पिंप, गाद्या, बंद पडलेले मिक्सर. भिंतीवरची कॅलेंडरं. मुलांच्या लग्नातले फोटो. देवांनाही मी आवरायला लावते; देव्हारा राहू देते, पण हॉलभर लावलेल्या तसबिरी उतरवते. मग पाण्याचे डाग. आमच्याकडे पाणी जड, त्यामुळे नळांवर पांढरा थर चढतो आणि कूलरच्या खिडकीखाली भिंतीवर ओघळ येतात. ते घासून काढल्याशिवाय मी कुणाला उंबरा ओलांडू देत नाही. उन्हाळ्यात घर दाखवायचं ते सकाळीच. दुपारी जळगावचं कुठलंही घर भट्टी वाटतं, त्यात घराचा दोष नाही. आणि गिऱ्हाईक आलं की पहिल्यांदा नळ सोडून दाखवायचा. खानदेशातला माणूस छत नंतर बघतो, पाणी आधी.

माणसं मात्र घरांपेक्षा अवघड. जळगावात एका जोडप्याचं घर होतं. घर सुरेख, पण जो पाहायला येई तो खोकत बाहेर पडे. मी एकदा सांगितल्या वेळेच्या आधी गेले तर बाई तव्यावर हिरव्या मिरच्या भाजत होत्या, खिडक्या बंद करून. नवरा पुढच्या खोलीत दलालाची वाट बघत बसलेला. मी गॅस बारीक केला आणि विचारलं, "वहिनी, तुम्हाला घर विकायचंच नाही ना?"

त्या म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही."

मी बाहेर येऊन त्यांच्या नवऱ्याला म्हटलं, "भाऊ, या घराला माझी गरज नाही. आधी तुम्ही दोघं बसून बोला." ते घर अजून त्यांचंच आहे. तिकडून गेले तर वहिनी मला जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

दुसरं घर नशिराबादचं. काळ्या मातीवरचं बांधकाम, पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंतीला तडा जाणारच. मालकाने तडा पुटीने भरून वर रंग फासला. गिऱ्हाइकाने सोबत गवंडी आणला होता. त्याने भिंतीवर बोटं वाजवली, भरलेली जागा ओळखली आणि मालकाकडे नुसतं पाहिलं. सौदा तिथेच संपला. मग मी ती पुटी खरवडून काढायला लावली. तडा उघडा ठेवला. पुढच्या गिऱ्हाइकाला दारातून आत घेतलं ते थेट त्या भिंतीपाशी नेलं. सांगितलं, "हा तडा वरवरचा आहे, तुमचा माणूस आणून तपासून घ्या." त्यांनी तपासलं आणि घर घेतलं. त्या दिवसापासून माझा एक नियम झाला. ज्या गोष्टीवरून गिऱ्हाईक शेवटी परत जाणार आहे, ती त्याला आधी दाखवायची. ज्याला जायचं तो लवकर जातो, आणि जो थांबतो तो खरा.

हा नियम मी भिंतींच्या बाबतीत अनेकदा वापरला होता. माणसांच्या बाबतीत वापरायची वेळ धुळ्यात आली.

अनिलभाऊंचा फोन आला. देवपुरात एक घर बरेच महिने पडून होतं. मालकीण शोभाअक्का, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. यजमान वारले होते. एकुलती मुलगी रश्मी पुण्याला. तिला दिवस गेले होते, डॉक्टरांनी अंथरुणावरून उठू नको म्हणून सांगितलं होतं, आणि आई इकडे घर विकलं जाण्याची वाट बघत अडकलेली.

"घरात काय खोट आहे?" मी विचारलं.

"घरात नाही हो ताई," अनिलभाऊ म्हणाले. "तुम्ही या. जरा सगळ्यांना चालेल असं करून द्या."

मी गेले आणि बघत राहिले. मला करण्यासारखं तिथे काही नव्हतं. फरशी आरशासारखी, नळ चकचकीत, माळे रिकामे. अंगणात कढीपत्त्याचं झाड आणि टाकीचं झाकणसुद्धा रंगवलेलं. अक्का पांढऱ्या साडीत ताठ उभ्या होत्या, वॉर्डात उभ्या असाव्यात तशा.

हॉलमध्ये दारासमोरच्या भिंतीवर एक रुंद लाकडी फळी होती, सुबक, कोरलेली. तिच्यावर प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ. घरातल्या एकाही वस्तूशी तो जुळत नव्हता. मी मागच्या खोलीत गेले तेव्हा कपाटावर कापडाने झाकलेलं काहीतरी दिसलं. कापड उचललं. बुद्धांची पितळी मूर्ती होती.

मी बाहेर आले आणि म्हटलं, "जय भीम, अक्का."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग "जय भीम" म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. तोवर त्या उभ्याच होत्या.

"अनिलने सुचवलं म्हणून आत ठेवली," त्या म्हणाल्या. "त्याचाही दोष नाही. लोक येतात, घर आवडतं. परत येतात, पलंग कुठे बसेल ते मोजतात. मग शेजारी कुणाला तरी आडनाव विचारतात आणि फोन उचलत नाहीत. मी प्रत्येक वेळी रश्मीला कळवायचे, जमलं गं. मग पुन्हा सांगायचं, नाही जमलं. तिला या दिवसांत असं सांगणं बरं नाही."

"रश्मी काय म्हणते?"

"म्हणते, आई, हट्ट करू नको, मूर्ती इकडे घेऊन ये आणि घर मोकळं कर." त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तूसुद्धा लोकांचे देव उतरवायला लावतेस, असं अनिल सांगत होता."

"लावते," मी म्हटलं. "गर्दी असली की लावते. येणाऱ्याला आपलं सामान तिथे मांडून बघता यावं म्हणून. तुमच्याकडे गर्दी कुठे आहे? एकच मूर्ती आहे, आणि ती गर्दी झाली म्हणून कुणी काढायला सांगितलेली नाही."

मी त्यांना नशिराबादच्या तड्याची गोष्ट सांगितली. अक्कांना ती फारशी रुचली नाही. "म्हणजे आपण भिंतीतला तडा का?" त्यांनी विचारलं.

"आपण नाही अक्का. तडा येणाऱ्याच्या मनात आहे. पण तो असेल तर आपल्याला दारातच कळू दे. पलंग मोजून झाल्यावर नको."

त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या.

आम्ही दोघींनी मिळून मूर्ती बाहेर आणली. अक्कांनी चिंचेने घासली. फळी त्यांच्या यजमानांनी स्वतः बसवलेली होती, मूर्ती तिच्यावर अशी बसली की जणू कधी हललीच नव्हती. मी त्या भिंतीला उबदार पांढरा रंग दिला, वरून एक छोटा दिवा सोडला आणि समोरचा भला मोठा सोफा बाजूला सरकवला, म्हणजे दार उघडलं की नजर थेट तिथे जाईल. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात एवढी नेटकी भिंत मी दुसरी केलेली नाही.

अनिलभाऊ आले आणि दारातच थबकले. "ताई, मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"घर तयार करायला सांगितलं होतं. झालं."

"मला स्वतःला काही नाही हो त्याचं. पण गिऱ्हाईक आत पाऊल टाकणार नाही."

"मग तुमचा चहाचा वेळ वाचेल," मी म्हटलं.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पहिलं जोडपं दारातून आत आलं, भिंतीकडे बघितलं, स्वयंपाकघर न बघताच "पुन्हा येतो" म्हणून गेलं. पुढचे एक गृहस्थ पाणी पिऊन गेले, एवढाच फरक. अनिलभाऊंची मोटारसायकल फाटकाबाहेर नेहमीपेक्षा जोरात सुरू झाली.

नंतर पारोळ्याकडची मंडळी आली. म्हातारे शेतकरी, त्यांना सगळे नाना म्हणत. मुलगा रवींद्र नरडाण्याला कारखान्यात नोकरीला, आणि सून प्रतिभा. मुलाला रोज जायला-यायला सोयीचं म्हणून धुळ्यात घर बघत होते. नानांनी चपला बाहेर काढल्या, आत आले, भिंतीकडे पाहिलं आणि खुर्चीवर बसले. मी नळ सोडला.

"पानी गोड शे का खारं?" त्यांनी विचारलं. अक्कांनी पेला भरून दिला. ते प्यायले. माझ्या मनात एक गाठ सुटली, पण ती मी चेहऱ्यावर येऊ दिली नाही.

प्रतिभा आत खोल्या बघत होती. नाना पुन्हा भिंतीकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "बाई, हाई घर कोनं शे?"

अनिलभाऊ मोबाइलमध्ये बघायला लागले. अक्का सरळ बसल्या आणि म्हणाल्या, "माझं. आम्ही बौद्ध."

"ते मले दारमाईनच दिसनं," नाना म्हणाले. "मी ईचारस, बांधं कोनी?"

अक्का खुर्चीत मागे टेकल्या. मग म्हणाल्या, "माझ्या यजमानांनी. बांधकामावर मिस्त्री होते. सुट्टीच्या दिवशी स्वतः उभे राहून बांधलं."

"पायाले मुरूम लागना का?"

"मुरूम लागेपर्यंत खणत राहिले. मी म्हणायचे, विहीर खणताय की घर?"

नाना उठले, बाहेर जाऊन भिंतीच्या कडेने पूर्ण फेरी मारून आले. "बांधनारा शाना व्हता," म्हणाले. जाताना म्हणाले, "घर आवडनं. घरमा इचारीसन सांगस."

आणि मग काहीच कळवलं नाही.

आठवडा गेला, दुसरा गेला. रश्मीला दवाखान्यात ठेवल्याचा फोन आला. त्या दिवसांत मला झोप नीट लागत नव्हती, हे कबूल करायला हवं. नियम माझा होता, पण तो पाळण्याची झळ अक्कांना लागत होती. मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, "अक्का, घर तुमचं आहे. तुम्ही म्हणाल तर आत्ता मूर्ती बांधून देते, पुण्याला घेऊन जा. अनिलभाऊ त्यांच्या पद्धतीने विकतील. मी मनात काही ठेवणार नाही."

अक्का बॅग भरत होत्या. त्यांनी साड्यांची घडी नीट केली, चेन लावली, आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"मी रात्रीच्या गाडीने निघाले. तिला माझी गरज आहे. मूर्ती राहू दे जिथे आहे तिथे," त्या म्हणाल्या. "इतके महिने घरात चोरासारखी राहिले, आता गेल्या काही दिवसांत जरा बरं वाटतंय. विकलं जाईल तेव्हा जाईल. तू झाडून-पुसून घेशील ना?"

अडकलेल्या अक्का अशा सुटल्या. घर विकलं न जाताच.

मी दर दोन दिवसांनी जात होते. खिडक्या उघडायच्या, फरशी पुसायची, मूर्तीवरची धूळ झटकायची, कढीपत्त्याला पाणी. पुण्याहून फोन आला, रश्मीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी रिकाम्या हॉलमध्ये उभी राहून ती बातमी ऐकली, आणि सांगायला जवळ कुणीच नाही म्हणून अनिलभाऊंना फोन केला. ते पेढे घेऊन आले. मूर्तीपुढे एक ठेवला, बाकीचे आम्ही खाल्ले.

त्यानंतर एका सकाळी मी फरशी पुसत असताना फाटक वाजलं. प्रतिभा आणि रवींद्र होते, नाना सोबत नव्हते. प्रतिभा सरळ स्वयंपाकघरात गेली, ओट्यापाशी उभी राहिली, हात वर करून फडताळ हाताला येतंय का बघितलं. मग मला म्हणाली, "मावशी, उशीर झाला म्हणून रागावू नका. घरात बोलणं चाललं होतं."

मी फडकं पिळलं आणि वाट बघितली.

"आमचे चुलत सासरे नको म्हणत होते. मग म्हणाले, घ्यायचंच असेल तर आधी त्या बाईंना भिंत मोकळी करायला लावा, मगच बोलणी करा. म्हणजे लोकांत बरं दिसेल."

"मग?"

रवींद्र हसला. "नाना म्हणाले, आज घर त्या बाईनं शे. तिना देव तिना भिंतवर. आपलं व्हई तवय आपला लावू."

बुद्ध म्हणजे देव नव्हे, हे नानांना समजावून सांगायची ती वेळ नव्हती. मी किल्ल्यांचा जुडगा ओट्यावर ठेवला आणि अनिलभाऊंना फोन लावला. फोनवर माझा आवाज व्यवस्थित होता, असं मला वाटलं. अनिलभाऊंनी मात्र विचारलं, "ताई, रडताय का?"

खरेदीखताच्या दिवशी अक्का पुण्याहून आल्या. सह्या झाल्यावर त्या नानांना आणि प्रतिभाला घरी घेऊन गेल्या आणि वॉर्ड दुसऱ्या सिस्टरकडे सोपवावा तसं घर सोपवलं. पाण्याच्या मोटारीचं बटण कुठे अडकतं, पावसाळ्यात गच्चीची कोणती जाळी साफ ठेवायची, कोणती खोली उन्हात लवकर तापते. प्रतिभा ऐकत होती, नाना मान डोलवत होते. शेवटी अक्कांनी स्वतः मूर्ती उतरवली, साडीत गुंडाळली आणि मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या. नानांनी रिक्षावाल्याला सांगितलं, "हळू जाय रे, भो."

वास्तुशांतीचं आमंत्रण दोघींना होतं. अक्कांना नात सोडून येणं शक्य नव्हतं, मी गेले. जायचं की नाही याचा विचार केला होता, खोटं कशाला बोलू. त्या फळीवर आता त्यांचा गणपती होता, माझा दिवा त्याच्यावर छान पडत होता. पंगतीत प्रतिभाने मला स्वतःजवळ बसवलं. वाढायला ते चुलत सासरेच होते, हातात तुपाचं भांडं. नाना पलीकडून म्हणाले, "हाई बाईनी आपले घर दखाडं." त्या सासऱ्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांचा हात थांबला की मलाच तसं वाटलं, हे आजही सांगता येणार नाही. मग त्यांनी माझ्या बट्टीवर तूप सोडलं, आणि मी पुरे म्हणेपर्यंत सोडत राहिले. वरण चांगलं जमलं होतं. मी पोटभर जेवले.

संध्याकाळी अक्कांना फोन करून सगळं सांगितलं. पंगत, तूप, फळीवरचा गणपती. मागे नात कुरकुरत होती.

"कूलर कोणत्या खिडकीत लावलाय त्यांनी?" त्यांनी विचारलं.

"हॉलच्या."

"चुकलं त्यांचं. मागच्या खोलीच्या खिडकीत लावायला सांग. तिथून वारा सगळ्या घरात फिरतो. ह्यांनी ती खिडकी त्यासाठीच मोठी ठेवली होती."

मी प्रतिभाला निरोप दिला. पुढे उन्हाळ्यात देवपुरात दुसरं एक काम निघालं तेव्हा मुद्दाम त्या घरामागच्या गल्लीतून गेले. कूलर मागच्या खिडकीत होता, सुरू होता, आणि खिडकीच्या उरलेल्या फटीतून दिसलं, आत कुणीतरी भर दुपारी शांत झोपलं होतं.